'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' : प्रतीके आणि माणसातला दुष्टपणा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कादंबरीचे कथानक थोडक्यात काय आहे?

अणुयुद्धाच्या धामधुमीत मुलांना सुरक्षित ठिकाणी नेणारे एक विमान पाडले जाते आणि काही इंग्रज मुले उष्ण कटिबंधातील एका निर्जन बेटावर येऊन पडतात. त्यांच्याबरोबर एकही मोठे माणूस उरलेले नसते. थोरल्यांचे वय बारा-तेराच्या आसपास आहे, तर धाकटी जेमतेम सहा वर्षांची आहेत. मुले मतदान घेऊन राल्फला नायक निवडतात. चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख असलेला जॅक शिकारी टोळीचा म्होरक्या होतो. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना धूर दिसावा म्हणून डोंगरावर सतत आग ठेवायची, एवढे साधे काम मुलांपुढे असते. ते काम मागे पडते, शिकार पुढे येते, टोळी फुटते आणि कादंबरी संपेपर्यंत दोन मुलांचा जीव घेतलेला असतो. एक तिसरा मुलगा त्याआधीच, कोणाच्या फारसे लक्षातही न येता, नाहीसा झालेला असतो. त्याच्याकडे पुढे वळावे लागेलच.

एका शाळामास्तराला इतके भीषण काही का सुचावे?

कादंबरीचे लेखक विल्यम गोल्डिंग (1911–1993) सॉल्सबरी येथील एका शाळेत शिकवत होते, त्यामुळे मुलांचा वर्ग त्यांना जवळून ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील 1944 च्या चढाईत त्यांनी भाग घेतला होता. युद्धापूर्वी समाजरचना सुधारली की माणूसही सुधारेल, असा त्यांचा विश्वास होता. युद्धानंतर तो उरला नाही, असे त्यांनी पुढे एका निबंधात स्पष्टपणे लिहिले. त्या निबंधातील त्यांचा भर महत्त्वाचा आहे. युरोपातील अत्याचार कोणा आडरानातल्या टोळ्यांनी केलेले नव्हते. ते डॉक्टरांनी, वकिलांनी, सुशिक्षित आणि सुसंस्कृत म्हणवणाऱ्या माणसांनी कौशल्याने आणि थंड डोक्याने केलेले होते. मधमाशी जसा मध तयार करते तसा माणूस दुष्टपणा निर्माण करतो, हे त्यांचे विधान याच निबंधातले आहे.

दुसरे कारण वाङ्मयीन आहे. एकोणिसाव्या शतकात आर. एम. बॅलंटाइन यांची 'द कोरल आयलंड' ही कादंबरी इंग्लंडमध्ये घरोघरी वाचली जाई. तीतही राल्फ आणि जॅक नावाची मुले बेटावर अडकतात. पण ती धाडसी, धार्मिक आणि नीतिमान राहतात, आणि वाईट काही घडलेच तर ते बाहेरून, चाच्यांच्या किंवा बेटवासीयांच्या रूपाने येते. गोल्डिंग यांनी मुलांची नावे जाणूनबुजून तीच ठेवली आणि वाइटाचा उगम मात्र बाहेरून उचलून आत आणून ठेवला. कादंबरीचे हस्तलिखितातले मूळ नाव 'स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन', म्हणजे 'आतून आलेले परके', असे होते. अनेक प्रकाशकांनी ते हस्तलिखित परत पाठवले. फेबर अँड फेबरच्या वाचकानेही ते कंटाळवाणे आणि निरर्थक ठरवले होते. चार्ल्स माँटिथ या नव्या संपादकाने ते उचलून धरले म्हणून 1954 मध्ये पुस्तक निघू शकले. 1983 मध्ये गोल्डिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शीर्षकाचा अर्थ काय?

'माश्यांचा स्वामी' हा 'बेलझेबब' या हिब्रू नावाचा शब्दशः अर्थ आहे. बायबलच्या जुन्या करारात हे एक्रोन नगरीच्या दैवताचे नाव म्हणून येते आणि पुढे ख्रिस्ती परंपरेत ते सैतानाचे नाव झाले. कादंबरीत मात्र या स्वामीला ना शिंगे आहेत ना सिंहासन. ते मारलेल्या डुकरिणीचे मुंडके आहे. अज्ञात श्वापदाला नैवेद्य म्हणून शिकाऱ्यांनी ते दोन्ही टोकांना तासलेल्या काठीवर खोचून ठेवले आहे आणि त्यावर माश्या घोंघावत आहेत. श्वापदाच्या भीतीपोटी वाहिलेला नैवेद्यच अखेर पुस्तकाचा सैतान होतो.

ती काठी वाचकाने लक्षात ठेवावी. शेवटच्या प्रकरणात लपलेल्या राल्फला कळते की जॅकच्या टोळीतल्या रॉजरने आणखी एक काठी दोन्ही टोकांना तासून ठेवली आहे. ती कशासाठी, हे त्याला समजत नाही. वाचकाला समजते.

'शंख म्हणजे लोकशाही' एवढे लिहिले तर पुरते का?

परीक्षेत कदाचित गुण मिळतील, पण कादंबरी हातातून निसटेल. मार्गदर्शक पुस्तकांतून प्रतीकांचे तक्ते छापलेले असतात: शंख बरोबर लोकशाही, चष्मा बरोबर बुद्धी, आग बरोबर आशा. मी स्वतः विद्यार्थिदशेत असाच एक तक्ता पाठ केला होता आणि त्यामुळे पुस्तक वाचण्याची गरजच वाटली नव्हती. अशा तक्त्याची अडचण अशी की त्यात प्रतीक स्थिर राहते, आणि या कादंबरीत तर प्रतीकांचे झिजणे हीच खरी गोष्ट आहे.

शंख प्रथम सापडतो तो उथळ पाण्यात, एक सुंदर वस्तू म्हणून. तो पाहतो राल्फ, पण त्याचा उपयोग ठाऊक असतो त्याच्या चष्मेवाल्या साथीदाराला, पिगीला. आणि पिगीला दमा असल्याने तो फुंकू शकत नाही. ज्याला कळते त्याच्यात दम नाही आणि ज्याच्यात दम आहे त्याला कळत नाही, ही सगळ्या पुढच्या अनर्थाची मांडणी पहिल्या काही पानांतच झालेली आहे. मग नियम ठरतो की सभेत ज्याच्या हातात शंख असेल त्यानेच बोलायचे. या नियमाला पहिला तडा जातो तो दुसऱ्याच प्रकरणात. डोंगरमाथ्यावर शंख चालत नाही, असे जॅक सहज बोलून जातो. अजून कोणी दुष्ट झालेले नसते, कोणाच्या तोंडाला रंग लागलेला नसतो. कायदा आहे, पण तो 'इथे' लागू नाही, एवढेच तो म्हणतो. त्या क्षणी त्यावर कोणीही ठामपणे हरकत घेत नाही; शंख असेल तिथे सभा, वर आणि खाली सारखीच, असे राल्फ थोड्या वेळाने सांगतो.

पाचव्या प्रकरणात सभा उधळून मुले अंधारात नाचत निघून जातात, तेव्हा पिगी राल्फच्या विनवण्या करतो की शंख फुंक, त्यांना परत बोलाव. राल्फ फुंकत नाही. फुंकूनही ती आली नाहीत तर सगळेच संपेल, असे त्याचे म्हणणे असते. मला हा प्रसंग शंख फुटण्याच्या प्रसंगापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण वस्तू अजून अखंड आहे आणि तिची सत्ता मात्र, वापरली तर उघडी पडेल इतकी, पोकळ झालेली आहे. पुढे एका रात्री जॅकची टोळी छापा घालते तेव्हा पिगीला वाटते की ती शंख न्यायला आली. प्रत्यक्षात ती आग पेटवण्यासाठी पिगीचा चष्मा घेऊन जाते आणि शंख जागच्या जागी पडून राहतो. तो चोरावा इतकेही मोल त्याला उरलेले नसते. दरम्यान उन्हापावसाने त्याचा गुलाबी रंगही उडून तो पांढराफटक झालेला असतो.

मराठी वाचकासाठी इथे एक गंमत आहे. आपल्या कानात शंख देवघरात वाजतो, रणांगणावरही वाजतो, आणि कोणाच्या नावाने शंख करणे म्हणजे बोंब मारणे, हाही अर्थ आपण त्याच शब्दाला दिला आहे. मूळ इंग्रजी शब्दाला हे पदर नाहीत. तरीही या कादंबरीतला शंख यातल्या पहिल्या अर्थाकडून शेवटच्या अर्थाकडे सरकत जातो, हे वाचताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

पिगीच्या चष्म्याने खरोखर आग पेटेल का?

पेटणार नाही. पिगीला लांबचे दिसत नाही, म्हणजे त्याच्या चष्म्याची भिंगे अंतर्वक्र असणार. ती सूर्यकिरणे एकवटत नाहीत, उलट पसरवतात. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ही लेखकाची चूक आहे आणि ती मान्य करून पुढे जावे.

आग हे शुभ प्रतीक आहे की अशुभ?

दोन्ही नाही, किंवा दोन्ही आहे. राल्फने सुचवलेली पहिली आगच आटोक्याबाहेर जाते आणि जंगलाचा एक पट्टा जाळून टाकते. त्या आगीनंतर चेहऱ्यावर जांभळट जन्मखूण असलेला एक धाकटा मुलगा पुन्हा कोणाला दिसत नाही. बेटावरचा हा पहिला बळी आहे. तो जॅकने घेतलेला नाही, चांगल्या हेतूने आणि सर्वानुमते घेतलेला आहे. मुलांची मोजणीच झालेली नव्हती, त्यामुळे कोण गेले हे ठामपणे सांगताही येत नाही. शेवटी राल्फला धुराने बाहेर काढून मारण्यासाठी जॅक सगळे बेट पेटवतो आणि तोच धूर पाहून जहाज येते. सुटकेसाठी लावलेल्या आगीने जीव घेतला आणि जीव घेण्यासाठी लावलेल्या आगीने सुटका केली, असा हा उलटा हिशेब आहे.

बेटावर खरोखर श्वापद आहे का?

नाही. पण कादंबरी या प्रश्नाशी अतिशय सावकाश खेळते. आधी तो जन्मखुणेचा मुलगा सापासारखे काहीतरी पाहिल्याचे सांगतो. रात्री ते येते आणि सकाळी झाडावरच्या वेलीसारखे होते, अशी त्याची हकीगत असते. आपल्या खेड्यांत रात्री सापाचे नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. नाव न घेतल्याने भीती टळते की वाढते हे ज्याने लहानपणी अंधारात अनुभवले आहे, त्याला या प्रकरणाची वेगळी टीप लागणार नाही. नंतर श्वापद समुद्रातून येते असे ठरते. मग ते आकाशातून येते, आणि या वेळी मात्र खरोखरच काहीतरी येते: बेटावर खूप उंच झालेल्या हवाई लढाईत मारला गेलेला एक सैनिक हवाईछत्रीसह डोंगरावर उतरतो. वाऱ्याने छत्री फुगली की प्रेत उठून बसल्यासारखे दिसते, वारा पडला की मान खाली घालते. मुले मोठ्यांच्या जगाकडून काहीतरी खूण यावी म्हणून आसुसलेली असताना ती खूण येते, ती अशी.

सायमन नावाचा एक अबोल मुलगा एकटाच सभेत अडखळत म्हणतो की श्वापद म्हणजे कदाचित आपणच असू. त्याच्यावर सगळे हसतात.

मुलांच्या मनात क्रौर्य नेमके केव्हा शिरते?

'शिरते' हा शब्दच कादंबरीला मान्य होणार नाही, पण प्रश्न रास्त आहे, कारण ते बाहेर कसे येते याची पायरीपायरीने नोंद इथे आहे. मुले म्हणजे देवाघरची फुले असे आपण म्हणतो, आणि गोल्डिंग यांना मुले सैतानाची अपत्ये वाटत होती असा सरळ उलटा निष्कर्ष अनेक जण काढतात. चौथ्या प्रकरणातील एक प्रसंग बारकाईने वाचला तर दोन्ही विधाने सैल वाटू लागतात.

हेन्री नावाचा धाकटा मुलगा पाण्याच्या कडेला बसून काठीने इवल्याशा पारदर्शक जीवांना हव्या त्या दिशेला वळवत आहे. आपला हुकूम कोणावर तरी चालतो, याचा त्याला आनंद होत आहे. झाडाआड उभा असलेला रॉजर त्याच्या दिशेने दगड मारू लागतो, पण प्रत्येक दगड नेम चुकवून मारतो. हेन्रीच्या भोवती काही यार्डांचे एक अदृश्य वर्तुळ आहे आणि त्याच्या आत दगड टाकण्याचे धाडस रॉजरला होत नाही. ते वर्तुळ आईवडिलांचे, शाळेचे, पोलिसांचे आणि कायद्याचे आहे. आणि ज्या संस्कृतीने ते आखले ती दूर कुठेतरी स्वतःच उद्ध्वस्त होऊन पडली आहे. रॉजरच्या हाताला मात्र अजून सवय आहे. या परिच्छेदात मारण्याची इच्छा आणि न मारण्याचा संस्कार एकाच दंडात एकाच वेळी दिसतात. सात प्रकरणांनंतर हाच रॉजर सगळे वजन टाकून तरफ दाबतो, शिळा खाली घरंगळते, शंखाच्या ठिकऱ्या होतात आणि पिगी चाळीस फूट खाली लाल खडकावर पडतो. मधल्या काळात रॉजर बदललेला नाही, वर्तुळ तेवढे पुसले गेले आहे.

जॅकच्या बाबतीत हे काम मुखवटा करतो. पहिल्या भेटीत झुडपात अडकलेल्या डुकराच्या पिलावर सुरी उगारूनही त्याचा हात खाली येत नाही. जिवंत मांसात पाते घुसवण्याची कल्पनाच त्याला सहन होत नाही. नंतर तो पांढऱ्या-तांबड्या मातीने आणि कोळशाने तोंड रंगवतो, नारळाच्या करवंटीतल्या पाण्यात स्वतःचे रूप पाहतो आणि एक अनोळखी माणूस पाहून हरखून नाचू लागतो. चेहरा लपला म्हणून लाज संपली, आणि लाज संपली म्हणून हात मोकळा झाला, असा तो क्रम आहे.

सायमनच्या मृत्यूला जबाबदार कोण?

या प्रश्नाचे उत्तर 'जॅकची टोळी' असे देणाऱ्याने नववे प्रकरण पुन्हा वाचावे. डोंगरावरचे श्वापद म्हणजे एक मेलेला माणूस आहे, हे कळलेला एकमेव मुलगा सायमन. तो त्या प्रेताच्या दोऱ्या सोडवतो आणि ही सुवार्ता सांगायला खाली येतो. खाली वादळ घोंघावत आहे, शिकारीचा नाच रंगात आला आहे, श्वापदाला मारा, गळा चिरा असा घोष चालला आहे. अंधारातून रांगत आलेल्या सायमनला श्वापद समजून मुले दातांनी आणि नखांनी फाडून टाकतात. त्या वर्तुळात राल्फ आहे आणि पिगीही आहे.

दुसऱ्या दिवशी राल्फ त्याला खून म्हणतो. बुद्धीचे प्रतीक म्हणून ज्याला तक्त्यात बसवले जाते तो पिगी मात्र म्हणतो की तो अपघात होता, अंधार होता, आपण कडेला होतो. जुळे सॅम आणि एरिक तर आपण लवकरच निघून गेलो होतो असे सांगतात. कादंबरीतील दुष्टपणाचे सर्वांत बोचरे चित्रण माझ्या मते कत्तलीच्या पानांवर नसून या सकाळच्या संभाषणात आहे, कारण जॅकचे क्रौर्य आपल्यातल्या बहुतेकांना परके वाटू शकते, पण पिगीचे स्पष्टीकरण आपण सगळ्यांनी कधी ना कधी दिलेले असते. सायमनला ख्रिस्ताचे रूप मानण्याची परंपरा आहे आणि तिला आधारही आहे. हस्तलिखितात तो अधिक उघडपणे दैवी होता आणि संपादनात ते सौम्य झाले.

शेवटी नौदलाचा अधिकारी येतो. मग शेवट सुखान्त मानायचा का?

अधिकाऱ्याला वाटते की मुले लढाई-लढाई खेळत होती. इंग्रज मुलांनी यापेक्षा बरे काही करून दाखवायला हवे होते, असे तो म्हणतो आणि वर 'कोरल आयलंड'ची आठवणही काढतो. त्याच्या कमरेला पिस्तूल आहे, मागे युद्धनौका उभी आहे आणि ती मुलांना घेऊन परत त्याच युद्धात जाणार आहे. 1952 मध्ये ब्रिटनने आपला पहिला अणुस्फोट केला होता आणि 1954 च्या वाचकाला ही नौका कुठे चालली आहे हे वेगळे सांगावे लागत नव्हते. राल्फ हमसून रडू लागतो तेव्हा अधिकारी संकोचून तोंड फिरवतो आणि आपल्या नेटक्या जहाजाकडे पाहत राहतो.

याच प्रसंगात पर्सिव्हल नावाचा चिमुरडा पुढे येतो. घरच्यांनी घोकून घेतलेला नाव-पत्ता तो सुरुवातीला मंत्रासारखा म्हणत असे. आता सांगायची वेळ आली आहे आणि ते शब्द त्याला आठवत नाहीत.

'रानटी' या शब्दावर आक्षेप घेतला जातो तो योग्य आहे का?

योग्य आहे. सुसंस्कृत इंग्रज आणि रंगवलेल्या तोंडाचे रानटी ही विभागणी मुलांच्या तोंडी सतत येते. पिगीच्या एका वाक्यातील वर्णद्वेषी शब्द नंतरच्या आवृत्त्यांत बदलावाही लागला. साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्यासारख्या वाचकांना हे खटकणे स्वाभाविक आहे. कादंबरी ही विभागणी उलथवू पाहते, कारण आपण इंग्रज आहोत, रानटी नाही, असे अभिमानाने सांगणारा मुलगा जॅकच असतो. तरी अधःपतन दाखवायला लेखकाने वापरलेला रंग, भाला आणि नाच हा साहित्य-संभार वसाहतवादी कथांतूनच उचललेला आहे, आणि त्यातून तो पूर्णपणे बाहेर पडला असे मला वाटत नाही.

टोंगाच्या मुलांनी ही कादंबरी खोटी ठरवली, असे म्हणतात. ते खरे आहे का?

घटना खरी आहे. जून 1965 मध्ये टोंगाची राजधानी नुकुआलोफा येथील वसतिगृहातून सहा किशोरवयीन मुले एक होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि अता या निर्जन बेटाला लागली. ती तेथे सुमारे पंधरा महिने राहिली. त्यांनी कामे वाटून घेतली, आग विझू दिली नाही, एकाचा पाय मोडला तर तो बांधून त्याची शुश्रूषा केली. सप्टेंबर 1966 मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती धडधाकट सापडली.

ही हकीगत आनंदाने वाचावी, पण तिने कादंबरी खोडली जात नाही. ती मुले आधीपासूनची मित्र होती, समुद्राशी परिचित होती, आणि त्यांच्या मागे जग पेटलेले नव्हते. गोल्डिंग यांनी भाकीत केलेले नव्हते. त्यांनी विशिष्ट वर्गातल्या, विशिष्ट शाळांत घडलेल्या मुलांचे वर्तुळ पुसून पाहिले होते.

कादंबरीत एकही मुलगी का नाही?

आपण स्वतः मुलगा होतो, भाऊ आणि बाप झालो, पण बहीण, आई किंवा आजी कधी नव्हतो, असे गोल्डिंग सांगत. शिवाय मुली आणल्या असत्या तर लैंगिकतेचा विषय मध्ये आला असता आणि त्यांना तो नको होता.

चित्रपट पाहिला तर चालेल का?

पीटर ब्रुक यांचा 1963 चा कृष्णधवल चित्रपट जरूर पाहावा. त्यातील मुले व्यावसायिक नट नव्हती आणि ते पडद्यावर जाणवते. परंतु रॉजरच्या हातात अडखळलेला संस्कार कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यासाठी पुस्तकच हवे.

पिगीचे खरे नाव काय?

ते कादंबरीत कुठेही आलेले नाही. पहिल्याच प्रकरणात पिगी राल्फला त्याचे नाव विचारतो आणि आता तोही आपले नाव विचारेल म्हणून थांबून राहतो. राल्फ विचारत नाही.